नखानं ओरखडा उठतो अशा दगडाची चर्च, घरं आणि भिंती

कॅमतीर

इंग्लंडात केंब्रिजच्या उत्तरेला ईली नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलला लागून लेडी चॅपल आहे. त्याचं काम १३२१ मध्ये सुरू झालं, दुसऱ्याच वर्षी कॅथेड्रलचा मधला मनोरा कोसळला, पैसा आणि माणसं तिकडे वळली आणि चॅपल पुरं व्हायला १३४९ उजाडलं. आत भिंतींच्या कडेनं कोनाड्यांची रांग आहे. प्रत्येक कोनाड्यावर पुढे झुकलेली कमान, तिच्यावर पानं, वेली, मेरीच्या चमत्कारांचे प्रसंग. सपाट जागा शोधावी लागते इतकं कोरीवकाम. आणि जवळपास एकाही मूर्तीला डोकं नाही. धर्मसुधारणेच्या काळात, १५४१ मध्ये, इथल्याच बिशप गुडरिच यांनी मूर्ती नष्ट करण्याचं फर्मान काढलं होतं.

हे सगळं कोरीवकाम ज्या दगडात आहे त्याला इथे क्लंच म्हणतात. कोरणाऱ्याला तो जितका सोपा गेला तितकाच फोडणाऱ्यालाही गेला.

क्लंच म्हणजे खडूच्या खडकातले जरा घट्ट, बांधकामाला चालतील असे थर. क्रिटेशस काळातल्या उबदार समुद्रात सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचं तळाशी साचत गेली, त्यांचा हा खडक. केंब्रिजशायरमधला क्लंच या खडूच्या खालच्या भागातला, साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या दख्खनचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे हा मऊ बेटा आपल्या कातळापेक्षा वयानं बराच मोठा. रंग दुधी, कुठे राखाडी, कुठे किंचित हिरवट. यात थोडी चिकणमाती मिसळलेली असते. नखानं ओरखडा उठतो, साध्या करवतीनं कापता येतो.

मग असल्या दगडात बांधायचं कशाला? कारण दुसरा जवळ नव्हता. ईलीभोवतीचा फेन्सचा प्रदेश म्हणजे पाणथळ, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि चिखल. कॅथेड्रलचा मुख्य दगड बार्नॅक या गावचा. तो चांगला टणक चुनखडक, पण लांबून होड्यांनी आणावा लागे. क्लंच मात्र बर्वेल, रीच, आयझलम, बॅरिंग्टन, चेरी हिंटन इथे पायाखालीच होता. बर्वेल आणि रीचपासून खोदीव कालवे आहेत, इथे त्यांना लोड म्हणतात. त्यातून होडी थेट कॅम नदीत येते. तिकडे बेडफर्डशायरमध्ये टॉटर्नहोची खाण याच जातीच्या दगडासाठी प्रसिद्ध. तिथला दगड सेंट ऑल्बन्स, विंडसर, वेस्टमिन्स्टरपर्यंत गेला.

जुन्या गवंड्यांना या दगडाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. खाणीतून निघतो तेव्हा तो ओला असतो, त्याच्या अंगात खाणीचं पाणी असतं. तेव्हाच तो सगळ्यात मऊ, म्हणून कापणं-कोरणं शक्यतो तेव्हाच उरकायचं. वाळताना पाण्यातले विरघळलेले क्षार पृष्ठभागाकडे येऊन बसतात आणि वर एक पातळ टणक साल तयार होते. हे वाळणं थंडीच्या आत व्हायला हवं. ओला दगड पहिल्याच हिमात सापडला की संपला, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि दगड आतून फुटतो. म्हणून खाणकाम वसंत-उन्हाळ्यात. शिवाय खाणीत जो थर आडवा होता तो भिंतीतही आडवाच बसवायचा. उभा बसवला तर पापुद्रे सुटतात.

आणि मुख्य म्हणजे जागा. उघड्यावर, पावसाच्या तोंडी क्लंच टिकत नाही. घराच्या आत, कमानीखाली, छपराच्या वळचणीखाली तो शतकानुशतकं राहतो. इथल्या जुन्या धान्यकोठारांमध्ये खाली हात-दीड हात उंचीचं विटांचं किंवा गारगोटीचं जोतं, कोपरे विटांचे, मध्ये क्लंच आणि वर भरपूर पुढे आलेलं छप्पर असं बांधकाम दिसतं. मातीच्या आणि खडूच्या भिंतींबद्दल इथे म्हणतात की तिला पायात चांगले बूट आणि डोक्यावर चांगली टोपी द्या, बाकी ती बघून घेईल.

केंब्रिजपासून फार लांब नसलेलं अ‍ॅशवेल म्हणून गाव आहे. तिथल्या चर्चचा मनोरा क्लंचचा. बाहेरून पार झिजलाय, पण आतल्या भिंतीवर कुणीतरी लॅटिनमध्ये १३५० च्या प्लेगबद्दल ओरखडून ठेवलंय. उरलेत ते फक्त गाळातले लोक, साक्ष द्यायला, अशा अर्थाचं. पुढे १३६१ च्या वादळाचीही नोंद आहे (आजच्या पंचांगाने ते जानेवारी १३६२). त्याच चर्चमध्ये लंडनच्या जुन्या सेंट पॉल्सचं रेखाचित्रही ओरखडलेलं आहे, १६६६ च्या आगीत जळालं ते. ग्रॅनाइट असता तर खिशातल्या सुरीनं हे कुणाला जमलं असतं?

आता माझं काम. आमच्या घराच्या मागे क्लंचची जुनी भिंत आहे. आधीच्या मालकांनी सांधे सिमेंटनं भरून घेतलेत. आता दगडांचे चेहरे गळून पडताहेत आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या पुढे उभ्या आहेत. कुणाला अनुभव असेल तर सांगा. आणि आपल्याकडे असा मऊ चुनखडक बांधकामात कुठे आहे, तेही वाचायला आवडेल.

सिव्हिलकाका

लेख उत्तम. पण एक शंका घेतोच. नखानं ओरखडा उठतो असा दगड कॅथेड्रलमध्ये भार कसा घेतो? आम्हाला साइटवर असला दगड आला असता तर ट्रक गेटवरूनच परत पाठवला असता.

कॅमतीर

काका, कॅथेड्रलमध्ये मुख्य भार बार्नॅकच्या दगडावर आहे, क्लंच आतल्या नक्षीला. पण साध्या घराचं म्हणाल तर दुमजली घराच्या जाड भिंतीवर येणारा दाब १ मेगापास्कलच्याही (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १० किलो) बराच आत असतो. बऱ्यापैकी घट्ट, कोरडा क्लंच काही मेगापास्कल सहज घेतो. गोची पाण्याची आहे. खडूचा दगड पूर्ण भिजला की त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून तर जोत्याचा आणि छपराचा एवढा आटापिटा.

सिव्हिलकाका

बरोबर. कोरड्या अवस्थेतली ताकद धरून डिझाइन आणि ती अवस्था राखायची जबाबदारी घरमालकाची. हे आमच्या क्लायंटना कधी पटलं नाही.

देवगडकर

अहो, हे तर आमच्या जांभ्यासारखंच! चिरेखाणीतून काढताना चिरा मऊ, वाऱ्यावर ठेवला की कडक. आमचे आजोबा म्हणायचे, नवीन चिरा निदान एक पावसाळा खाऊ दे, मग बांधायला घे. आता मशीननं कापून दुसऱ्या दिवशी ट्रकात भरतात, कसला पावसाळा नि काय.

कॅमतीर

दिसायला सारखं, आतून वेगळं. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं असतात. उघड्यावर वाळताना ती घट्ट होतात आणि हा बदल बऱ्याच अंशी कायमचा असतो. नंतर पाऊस लागला म्हणून चिरा पुन्हा खाणीतल्याइतका मऊ होत नाही. क्लंचची साल मात्र अगदी पातळ. ती एकदा निघाली की आत पुन्हा तोच मऊ खडू. त्यामुळे तुमच्या आजोबांचा 'पावसाळा खाऊ दे' हा सल्ला इथे दिला असता तर भिंत वसंतापर्यंत भुकटी झाली असती. इथे उलट, उन्हाळा खाऊ द्यायचा.

देवगडकर

हे बाकी पटलं. पण कोकणात हिम पडत नाही हा मुद्दा विसरू नका. तुमच्या क्लंचला आमच्याकडे आणलं तर?

कॅमतीर

हिम नाही, पण चार महिने धो धो पाऊस आणि दमट हवा. वाळायला वेळच मिळणार नाही. पहिल्याच वर्षी शेवाळ.

फोर्टवाली

मुंबईचं मी सांगते. तुमच्या क्लंचचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे पोरबंदरी दगड. खडू नाही तो, पण मऊ, सच्छिद्र, फिकट पिवळसर चुनखडकच. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा. समुद्री कवचांचे वाळूएवढे कण एकमेकांना चिकटून झालेला आणि भूशास्त्राच्या हिशोबात अगदी कालपरवाचा, क्वाटर्नरी काळातला. त्यात मिलिओलिड नावाच्या सूक्ष्म जिवांची कवचं भरपूर, म्हणून मिलिओलाइट. हे नाव १८४९ मध्ये हेन्री जॉन कार्टर यांनी दिलं. हे गृहस्थ मुंबईत कंपनी सरकारच्या नोकरीत डॉक्टर होते.

मुंबईच्या आसपास बसाल्ट भरपूर, पण त्यात गॉथिक फुलं-पानं कोरायची म्हणजे छिन्न्यांचं दिवाळं. कुर्ला-मालाडचा पिवळट दगड (ट्रॅकाइट, हाही ज्वालामुखीचाच) भिंतींना छान, बारीक नक्षीला तरी कडकच. म्हणून नक्षीसाठी पोरबंदरचा दगड गलबतांतून आला. राजाबाई टॉवर बघा. १८६९ ते १८७८ चं बांधकाम, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. तिथे कुर्ल्याचा दगड आणि पोरबंदरी असा जोड आहे. सीएसएमटीच्या इमारतीवर प्राणी, पक्षी, पानं यांची जी गर्दी आहे ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हाताखालून गेलेली. कधी लोकल चुकली तर रागावू नका, वर बघा.

आणि दुखणंही तेच. खारी हवा, गाड्यांचा धूर. हवेतलं सल्फर डायऑक्साइड पाण्याबरोबर चुनखडकावर आलं की कॅल्साइटचं जिप्सम होतं, काजळी त्यात अडकून काळी खपली धरते, आणि खपली पडते ती नक्षी घेऊनच. पाऊस जिथे थेट धुतो तिथे दगड झिजून पांढरा, आणि आडोशाला काळा. पुढच्या वेळी फोर्टात फिराल तेव्हा कमानींच्या खालच्या बाजू बघा.

मुक्काम_पोस्ट_राजकोट

+१ फोर्टवाली. इकडे त्या दगडाच्या कापीव ठोकळ्यांना बेला म्हणतात. विटांऐवजी सर्रास बेलाचीच घरं. खाणीत चाकाची करवत रुळांवरून सरकत जाते आणि जमिनीतच चौकोन आखून निघतात. खाण बघितली तर जमिनीला पायऱ्या पाडल्यासारखी दिसते. आमच्या घराची भिंतही बेलाची. खिळा मारायला ड्रिल लागत नाही, पण खिळा राहीलच याची खात्रीही नाही.

तिरकस_तात्या

म्हणजे बघा, साहेबानं स्वतःच्या देशात खडूची चर्च बांधली, आपल्याकडे येऊन पोरबंदरहून मऊ दगड आणला, आणि ज्यांच्याकडे खराखुरा कातळ होता ते आपले लोक वेरूळला डोंगर वरून खाली कोरत बसले. कोण शहाणं?

फोर्टवाली

तात्या, वेरूळला काळ आणि मजूर दोन्ही हाताशी होते. इथे कंत्राटदाराला बिल काढायचं होतं.

शेंदूर

चुनखडक म्हटला की मऊच असं काही नाही हं. आपली शहाबादी फरशीही चुनखडकच. कलबुर्गीजवळच्या शहाबादची. बारीक दाण्याची, घट्ट, आणि तुमच्या खडूपेक्षा कितीतरी पटींनी जुनी. स्वयंपाकघरात तिच्यावर पाटा-वरवंटा ठेवून दोन पिढ्या वाटण झालं, काही झालं नाही. लिंबू सांडलं तर मात्र डाग, कारण शेवटी जात चुन्याचीच.

भटकभवानी

माल्टा राहिलं की! तिथला ग्लोबिजरिना चुनखडक हा अख्ख्या देशाचा बांधकाम-दगड. स्थानिक लोक फ्रांका म्हणतात. मधाळ पिवळा. १५६६ मध्ये पाया घातलेलं व्हॅलेटा सगळं त्यातच. पण खरी गंमत हाजार ईम आणि म्नायद्रा या पाच हजार वर्षांहून जुन्या देवळांमध्ये. दोन्ही हाकेच्या अंतरावर. म्नायद्रा बरंचसं टणक कोरलाइन चुनखडकात, हाजार ईम मऊ ग्लोबिजरिनात. म्नायद्राच्या कडा अजून शाबूत, हाजार ईमच्या शिळा वाऱ्यापावसानं चाळणी झाल्यात. २००९ मध्ये दोन्हींवर मोठे तंबू उभारले. फोटोत तंबू येतो म्हणून पर्यटक कुरकुरतात. मला विचाराल तर टोपी घातली हे बरंच झालं, पाच हजार वर्षं उशिरा का होईना.

ओळंबा

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. कॅमतीरताई, तुमच्या भिंतीबद्दल लिहितो, थोडं लांबेल.

भिंतीत पाणी जाणारच. जमिनीतून वर चढणार, पावसातून आत शिरणार. प्रश्न असतो ते बाहेर कुठून पडतं याचा. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, पाणी सांध्यातून बाहेर पडतं, क्षार सांध्यात साचतात, पन्नासेक वर्षांनी सांधा झिजतो, तो खरवडून नवा भरायचा. म्हणजे झीज सांध्यानं सोसायची, दगडानं नाही. सिमेंट भरलंत की दार बंद. मग पाणी दगडाच्या चेहऱ्यातून बाहेर येतं, क्षार तिथेच आत स्फटिक धरतात, थंडीत तिथेच गोठतं, आणि चेहरा गळतो. सिमेंटच्या रेघा पुढे उभ्या राहिल्यात म्हणालात ना, निदान त्यातच आहे.

आधी पाण्याचा माग काढा. भिंतीच्या पायथ्याशी बागेची माती चढलीय का? अनेकदा वर्षानुवर्षं खत-माती टाकून जोतं गाडलं गेलेलं असतं. ती माती उतरवा. माथ्यावरचं कौल किंवा दगडी टोपण फुटलंय का ते बघा. आयव्हीच्या वेलाची मुळं सांध्यात गेली असतील तर ओढून काढू नका, बुडाशी कापा, वाळू द्या, मग हलक्या हातानं सोडवा.

मग सिमेंट. ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका, सांध्याबरोबर दगडाच्या कडाही जातात. हातोडी आणि अरुंद छिन्नी. जिथे सिमेंट दगडाला घट्ट धरून बसलंय आणि काढताना दगड येतोय, तिथे ते राहू द्या. हवामानच पुढे ते सोडवेल.

नवा सांधा चुन्याचा. भिजवून मुरवलेला चुना किंवा सगळ्यात कमी ताकदीचा हायड्रॉलिक (पाण्याच्या संपर्कात घट्ट होणारा) चुना, आणि चांगली चाळलेली, टोकदार कणांची वाळू, साधारण एकास तीन. दुकानदार जास्त ताकदीचा चुना 'टिकाऊ' म्हणून गळ्यात मारतील. घेऊ नका. इथे ताकद शत्रू आहे. काम वसंतात सुरू करा, म्हणजे हिमाच्या आत चुना पकडेल. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर थांबा. भरल्यावर ओलं गोणपाट लावून काही दिवस हळूहळू वाळू द्या.

दगडांचे चेहरे गेलेत तिथे लगेच दगड बदलायला धावू नका. फार खोल गेलेलेच बदला, आणि त्याच जातीच्या दगडानं. मध्ये एखादा टणक चुनखडक बसवलात तर शेजारचे मऊ दगड लवकर जातील. बाकी भिंतीवर चुन्याच्या निवळीसारखे पातळ हात मारा, एकावर एक. सिलिकॉनचं पारदर्शक सीलर कुणी सुचवलं तर नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

आणि हो, घर इंग्लंडात आहे म्हणजे संरक्षित यादीत आहे का ते आधी बघा. असेल तर भिंतीला हात लावण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्यांशी बोला, परवानगी लागू शकते.

सिव्हिलकाका

ओळंबा, सलाम. आमच्या लहानपणी गावात बैलाची चुन्याची घाणी होती. गोल चरात दगडी चाक फिरायचं, चुना-वाळू मळून निघायची, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. आम्ही पोरं चाकामागे पळायचो. नंतर सिमेंटच्या गोण्या आल्या आणि घाणीचं चाक कुणीतरी बागेत शोभेला नेलं.

ओळंबा

काका, ते चाक अजून जागेवर असतं तर आम्ही भाड्यानं घेतलं असतं. चुना मळणारा माणूस मिळणं ही सध्या सगळ्यात मोठी अडचण आहे.

आगाऊ_कार्टं

प्रश्न: एवढी निगा राखायची तर आज कुणी नवीन घर या दगडात का बांधावं? नॉस्टॅल्जिया सोडून कारण द्या.

फोर्टवाली

ल्युटेन्सला विचार. नवी दिल्ली रचणारा तोच. त्यानं १९०१ च्या सुमारास हॅम्पशायरमध्ये मार्श कोर्ट नावाचं मोठं घर खडूच्या दगडात बांधलं, भिंतीत मध्येमध्ये गारगोटी आणि लाल कौलांचे तुकडे जडवून. बिलियर्डच्या टेबलाचं बूडही खडूचंच. खेळताना काठीला लावायला खडू शोधायला नको! पण ते श्रीमंत माणसाचं हौसेचं घर. स्थानिक गरजेतून क्लंच वापरण्याचे दिवस तेव्हाच सरले होते. रेल्वेनं स्वस्त विटा दारात आणून ठेवल्या होत्या.

कॅमतीर

खरं आहे. आज नवीन घरासाठी मी स्वतः क्लंच घेणार नाही, निदान बाहेरच्या भिंतीला. आतल्या भिंतीला, चुलीभोवतीच्या कमानीला आनंदानं घेईन. पण आता दगड निघतो तो थोडा, आणि बहुतेक दुरुस्तीसाठीच. चेरी हिंटनची खाण तर राखीव निसर्गक्षेत्र झालीय. पांढऱ्याशुभ्र कड्यांमध्ये मून कॅरट नावाची दुर्मीळ वनस्पती वाढते, इंग्लंडात ती फार थोड्या ठिकाणी उरलीय. कॉलेजांना दगड आणि भट्ट्यांना चुना पुरवून झाल्यावर खाणीला हे काम मिळालंय.

ओळंबा, मनापासून आभार. आज कुदळ घेऊन बघितलं, भिंतीच्या पायथ्याशी खरंच वीतभर माती चढलेली आहे आणि तिच्याखाली विटांचं जोतं आहे! घर संरक्षित यादीत नाही, पण परिसर संवर्धन क्षेत्रात येतो, तेव्हा कौन्सिलला मेल टाकलाय. एक राहिलं: चुन्याचे हात द्यायचे तर आधी जुनं शेवाळ काढायला ब्लीच चालेल का?

ओळंबा

ब्लीच नको. त्यातले क्षार दगडात मुरतात आणि मग ते काढायला दुसरा उपाय शोधावा लागतो. कोरड्या दिवशी मऊ ब्रश आणि लाकडी पट्टी, बस. पायथ्याची माती निघाली आणि भिंत वाळायला लागली की अर्धं शेवाळ आपोआप जाईल. चुन्याचा हात देण्याआधी भिंतीवर पाण्याचा फवारा मारायला विसरू नका, कोरड्या खडूवर चुना धरत नाही, हाताला भुकटी लागते.

देवगडकर

वाचनखूण साठवली. ओळंबा, आमच्या चिऱ्याच्या गडग्यालाही कुणीतरी सिमेंट फासलंय. वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

ओळंबा

वेगळा काढा. आणि फोटो टाका, सांध्याचे जवळून.